फी माफ झाली, पण पोरगं कॉलेजात टिकलं का?



दहावीचा निकाल लागला की आपल्या सोसायटीच्या ऑफिसात पेढे येतात. मागच्या वर्षीही आले होते. आपल्याच एका सभासदाचा पोरगा मराठी माध्यमातून चांगल्या मार्कांनी पास झाला, त्यानं पॉलिसेट दिली आणि पॉलिटेक्निकला त्याचा नंबर लागला. आम्ही त्याला हार घातला, फोटो काढला, याच पेजवर टाकला. तुम्ही सगळ्यांनी मनापासून अभिनंदन केलं. फीची चिंता नव्हती, सरकार भरणार होतं. आमच्या लेखी विषय तिथंच संपला.

दिवाळीनंतर तेच पोरगं बापासंगं धरणावर दिसलं. खांद्यावर जाळं.

"काय रे, कॉलेज?"

"सोडलं काका."

आम्हाला आधी वाटलं, पोरानं आळस केला असेल. मग त्याला ऑफिसात बसवून चहा दिला आणि नीट विचारलं, तेव्हा एकेक गोष्ट निघाली.

"पयले पंधरा दिवस तं काही समजलंच नाई. सर फळ्यावर इंग्रजीत लिवते, सांगते तेलुगूत. मी शिकलो मराठीत. विचारू तं कोणाले?"

दुसरी गोष्ट बसची. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची बस निघून जायची. पुढची रात्री. घरी पोचायला नऊ वाजायचे आणि सकाळी साडेसहाला परत निघायचं. पास काढायलाच महिना गेला, तोवर रोजचं तिकीट खिशातून.

तिसरी गोष्ट कागदाची. दहावीच्या मेमोवर नाव एका पद्धतीनं, आधारवर दुसऱ्या. स्कॉलरशिपचा अर्ज तिथंच अडकला. दुरुस्ती करून आण म्हणाले. बाप धरणावर, माय मजुरीला. कोण जाणार आणि कुठं जाणार? तारीख निघून गेली. मग फीची रक्कम घरून मागतील या भीतीनं पोरानं जाणंच बंद केलं. घरी सांगितलं, "जमत नाई."

मार्क होते, सीट होती, फी माफीही होती. तरी पोरगं तीन महिन्यांत परत आलं. फोटो काढल्यानंतर त्या तीन महिन्यांत आमच्यापैकी एकानंही त्याला फोन केला नव्हता. ही चूक आमची आहे. म्हणून आजचा हा लेख.

🐟 बीज सोडलं म्हणजे मासे मिळाले का?

हे शहाणपण आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. २०१६-१७ पासून राज्य सरकार तलावांत आणि धरणांत मोफत मत्स्यबीज सोडतं. हंगामी तलावात ३५ ते ४० मिलिमीटरची बोटुकली आणि बारमाही पाण्याच्या धरणात ८० ते १०० मिलिमीटरची. धरणात मोठी का, हे आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. खोल पाण्यात मरळ बसलेली असते. बारीक बीज तिच्या पोटात जातं. बोटुकली मोठी असली तरच ती निसटते, वाढते आणि वर्षाअखेर जाळ्यात येते.

आणि बीज सोडताना आपण काय करतो? पिशवी आणली आणि धाडकन ओतली, असं कधी करतो का? पिशवी बंद ठेवूनच आधी पाण्यावर तरंगत ठेवतो. आतलं पाणी आणि धरणाचं पाणी सारखं होऊ देतो. मग तोंड सोडून थोडं थोडं धरणाचं पाणी आत घेतो. बोटुकली आपणहून बाहेर पडते. एवढी घाई टाळली नाही, तर अर्धं बीज पहिल्याच दिवशी पोट वर करून तरंगतं.

माशाच्या पिल्लासाठी आपण एवढं जपतो. आपलं स्वतःचं पोरगं मात्र मराठी शाळेतून उचलून इंग्रजी-तेलुगूच्या पाण्यात एका दिवसात टाकतो आणि वर म्हणतो, पोहून दाखव.

🌍 दूरच्या देशातला एक अनुभव

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची कॉलेजं आहेत. गावाजवळची, कमी फीची, दोन वर्षांची. शेतमजुराची, कामगाराची, नव्यानं देशात आलेल्यांची मुलं तिथं जातात. त्यातलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज १९०१ साली जोलिएट या गावात सुरू झालं. आपल्या देशातही हा प्रयोग झाला. १९९५ साली पुदुच्चेरी विद्यापीठानं पहिलं कम्युनिटी कॉलेज काढलं आणि २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभर त्याची योजना आणली. आपल्या भागात मात्र हे काम सरकारी ज्युनियर कॉलेज, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि डिग्री कॉलेज हीच करतात. नाव वेगळं, पोरं तीच.

तर अमेरिकेतल्या या कॉलेजांनाही आपलीच अडचण होती. गरिबाच्या पोरांना प्रवेश मिळायचा, फीला मदत मिळायची, तरी बहुतेक जण मधेच सोडून जायचे. २००७ साली न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानं आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. त्यात मोठं असं काही नव्हतं. प्रवासाचा पास फुकट. पुस्तकं फुकट. मदतीनंतरही फीचा जो तुकडा उरतो तो माफ. अवघड विषयाला शिकवणी. आणि प्रत्येक पोरामागे एक ठरलेला माणूस, जो त्याला वरचेवर भेटून विचारणार: कसं चाललंय, काय अडलंय?

नंतर अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून पोरांचे दोन गट केले. एका गटाला हा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नेहमीचीच मदत. तीन वर्षांनी मोजलं, तर नेहमीच्या गटातली शंभरातली २२ पोरं पास होऊन बाहेर पडली होती. कार्यक्रमातली ४०. जवळपास दुप्पट. पुढे ओहायो राज्यातल्या कॉलेजांतही तेच करून पाहिलं आणि तसाच फरक दिसला.

पोरं त्याच घरांतली, अभ्यासही तोच. फरक पडला तो पासनं, पुस्तकानं आणि विचारपूस करणाऱ्या माणसानं. आपल्या पोराच्या तीन अडचणी आठवा: भाषा, बस, कागद. या तिन्हीला आपल्या जिल्ह्यात काही ना काही उपाय आहे. तो वेगवेगळ्या दारात विखुरलेला आहे, म्हणून आपल्यापर्यंत पोचत नाही. आज आम्ही तो एका जागी मांडतोय.

📌 दहावीनंतर कुठं जाता येतं?

सरकारी ज्युनियर कॉलेज: इंटरची दोन वर्षं. सरकारी कॉलेजात शिकवणीची फी नाही आणि पुस्तकंही मोफत मिळतात.

आयटीआय: हाताला काम देणारं शिक्षण. इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, फ्रिज-एसी दुरुस्ती असे ट्रेड. आपल्या धंद्याशी याचा थेट संबंध आहे. बर्फाची मशीन, शीतपेटी, बोटीचं इंजिन बिघडलं की आपण शहरातून माणूस आणतो आणि तो येईपर्यंत माल नासतो. हाच कारागीर आपल्या घरचा का नसावा? राज्यातल्या ६५ सरकारी आयटीआयना आता नवीन मशिनरी देऊन अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी सेंटर करण्याची योजना टाटा टेक्नॉलॉजीजसोबत सुरू आहे. तिच्यात इलेक्ट्रिक गाड्यांची दुरुस्ती, रोबोट चालवणं असे नवे कोर्स आहेत. आयटीआयनंतर कारखान्यात आणि सिंगरेणीच्या खाणींत अप्रेंटिस म्हणून घेतात, त्याचं विद्यावेतन मिळतं.

पॉलिटेक्निक: तीन वर्षांचा डिप्लोमा. प्रवेश पॉलिसेटमधून. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे.

बासरची ट्रिपल आयटी: २००८ साली सुरू झाली. २०१६ ला जिल्हे वेगळे झाले आणि बासर निर्मलमध्ये गेलं, पण आपल्यासाठी ते जवळच आहे. दहावीच्या मार्कांवर प्रवेश, सहा वर्षांचा सलग कोर्स, राहणं तिथंच. तिथं खेड्यातली आणि सरकारी शाळेतली हुशार पोरं मोठ्या संख्येनं जातात. दहावीला चांगले मार्क असतील तर हा अर्ज चुकवू नका.

डिग्री: इंटरनंतर प्रवेश 'दोस्त' या ऑनलाइन पद्धतीनं होतो. कॉलेजांची पसंती नीट विचार करून भरा. जवळचं कॉलेज आणि दूरचं कॉलेज यात बसचा हिशोब आधी करा.

💰 फी आणि स्कॉलरशिप

दहावीनंतरच्या शिक्षणासाठी राज्य सरकारची पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिप आहे. अर्ज 'ई-पास' वर करायचा. यात दोन भाग असतात. एक, कॉलेजच्या फीची परतफेड. दोन, पोराच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम, जी त्याच्या बँक खात्यात येते. बीसी घरांसाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा खेड्यात दीड लाख आणि शहरात दोन लाख रुपये आहे.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली: अर्ज एकदा करून भागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाली आणि दुसऱ्या वर्षी विसरले, अशी घरं आपल्यात आहेत.

दुसरी: हजेरी ७५ टक्के लागते. हंगामात चार-चार दिवस पोराला जाळ्यावर नेलं की हजेरी घसरते आणि स्कॉलरशिप अडकते. चार दिवसांच्या मासळीपायी वर्षाची फी गमावू नका. नावेवर माणूस कमी पडत असेल तर ऑफिसात सांगा, आपण आपसात वाट काढू.

तिसरी: सरकारकडून फीची रक्कम कॉलेजांना वेळेवर येत नाही, हे पेपरात तुम्ही वाचताच. त्यापायी काही खाजगी कॉलेजं पोरांकडे आधी फी मागतात किंवा शेवटी सर्टिफिकेट अडवतात. म्हणून सरकारी कॉलेजात जागा मिळत असेल तर ती आधी घ्या. खाजगी कॉलेज घ्यायचं झालं तर प्रवेशाच्या दिवशीच फीबद्दल काय ठरलं ते कागदावर घ्या. आणि कोणी अडवलं तर घरात रडत बसू नका, सोमवारी कलेक्टरेटच्या प्रजावाणीत अर्ज द्या. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत.

पोरींसाठी वेगळं: डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलींना 'प्रगती' स्कॉलरशिप आहे. वर्षाला ५० हजार रुपये. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. दिव्यांग मुलामुलींना याच धर्तीवर 'सक्षम' आहे, तीही ५० हजारांची. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. एकाच वेळी दोन सरकारी स्कॉलरशिप घेता येत नाहीत, तेव्हा कोणती जास्त कामाची ते कॉलेजात विचारून ठरवा.

आठवीतल्या पोरांसाठी: एनएमएमएस ही परीक्षा असते. पास झालं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. सरकारी शाळेच्या मास्तरांना आजच विचारा.

📄 कागदांची पिशवी

जाळं फाटलं की आपण पाण्यात उतरायच्या आधी विणतो. कागदाचंही तसंच करा. दहावीच्या निकालाची वाट पाहू नका.

घरात एक जाड प्लास्टिकची पिशवी करा. तिच्यात हे ठेवा:

✅ दहावीचा मेमो आणि हॉलतिकीट
✅ आधार कार्ड
✅ जातीचा दाखला
✅ उत्पन्नाचा चालू दाखला
✅ शाळांचे बोनाफाईड
✅ टीसी
✅ पोराच्या नावाचं बँक पासबुक
✅ रेशन कार्ड

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मी-सेवेत अर्ज करून तहसील कार्यालयातून मिळतो. जूनमध्ये तिथं अख्ख्या मंडलाची गर्दी असते, म्हणून शक्य तेवढं आधी करा.

नाव, बापाचं नाव, जन्मतारीख हे तिन्ही मेमोवर आणि आधारवर अक्षर-अक्षर जुळलं पाहिजे. आपल्या मराठी घरांत ही अडचण फार. शाळेत मास्तरांनी आडनाव पुढे लिहिलं, आधारवाल्यानं मागे टाकलं. तेलुगूत लिहिताना 'वाघमारे'चं भलतंच झालं. सातवी-आठवीतच तपासा. दहावीचा मेमो छापून आला की दुरुस्ती फार लांबते. आधार बदलणं त्यामानानं सोपं.

जातीच्या दाखल्याचंही सांगतो. आपल्या राज्यात गंगापुत्र-बेस्त बीसी-ए मध्ये येतात, मुदिराज बीसी-डी मध्ये. दाखल्यावर नेमकं काय लिहून आलंय ते घरी आल्यावर वाचा, नुसता घडी करून ठेवू नका. ज्यांची सोयरीक पैनगंगेच्या पल्याड आहे त्यांनी ध्यानात ठेवावं, महाराष्ट्रातला दाखला इथल्या स्कॉलरशिपला चालत नाही.

🚌 बस आणि राहणं

पोरींचा प्रवास ९ डिसेंबर २०२३ पासून मोफत आहे. महालक्ष्मी योजनेत राज्याच्या हद्दीत पल्लेवेलुगू आणि एक्सप्रेस बसला तिकीट नाही, फक्त तेलंगणाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं. "पोरीले रोज बसनं धाडणं परवडत नाई" हे कारण आता उरलेलं नाही. पोरींच्या बापांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पोरांना विद्यार्थी पास काढावा लागतो. कॉलेजचा शिक्का लागतो, म्हणून प्रवेश झाला त्याच आठवड्यात काढा.

जाण्या-येण्यात दिवस मोडत असेल तर पोस्ट-मॅट्रिक हॉस्टेलचा अर्ज करा. बीसी, एससी, एसटी अशी वेगवेगळी हॉस्टेलं आहेत. राहणं-खाणं तिथं. जागा मोजक्या असतात, उशिरा गेलं की भरलेल्या असतात. बारावीपर्यंतची पोरं-पोरी महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाच्या बीसी गुरुकुलांतही राहून शिकू शकतात.

🗣️ भाषेचं पाणी

ही सगळ्यात मोठी अडचण आणि हिच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. सीमा आखल्या गेल्या, घरातली बोली मात्र मराठीच राहिली. जैनथ, बेला, तामसी, भीमपूर या पट्ट्यात आजही मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. दहावीपर्यंत पोरगं मराठीत शिकतं आणि नंतर एकदम वर्ग बदलतो.

काही जण यावर उपाय म्हणून पोराला किनवटला किंवा पांढरकवड्याला पाठवतात. वाईट नाही. पण जायच्या आधी दोन प्रश्न विचारा. आपल्या राज्याची स्कॉलरशिप तिथं चालेल का? आणि चार वर्षांनी परत आल्यावर आपल्याच राज्यातल्या प्रवेशाला पोरगं स्थानिक धरलं जाईल का? स्थानिकपण कुठं किती वर्षं शिकलं यावर ठरतं, जन्म कुठं झाला यावर नाही. उत्तर कळल्याशिवाय टीसी काढू नका.

इथंच शिकायचं असेल तर एक गोष्ट आम्हालाही अलीकडे कळली. तंत्रशिक्षण परिषदेनं म्हणजे एआयसीटीईनं डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं भारतीय भाषांत काढली आहेत. त्यात मराठी आहे. 'ई-कुंभ' या पोर्टलवर ती मोफत उतरवून घेता येतात. वर्गात इंग्रजीत ऐकलेलं घरी मराठीत वाचलं की डोक्यात बसतं. ज्या पोराची गोष्ट वर सांगितली त्याला हे कोणी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं, तर? हा प्रश्न आम्हाला झोपू देत नाही.

आणि दहावी संपून कॉलेज सुरू होईपर्यंत जे दोन महिने रिकामे जातात, तीच आपली पाण्यावर तरंगती पिशवी. त्या दोन महिन्यांत पोरानं तेलुगू वाचायला आणि विज्ञान-गणितातले इंग्रजी शब्द शिकायला हवेत. रोज एक तास पुरे. वर्ग भरवायला आपलं ऑफिस दुपारी रिकामंच असतं.

⚓ आपल्या धंद्याचं मोठं शिक्षण

मासेमारी सोडायची म्हणून शिकायचं, असं थोडंच आहे? शिकून याच धंद्यात मोठं होता येतं.

मत्स्यविज्ञानाची पदवी चार वर्षांची असते. वनपर्ती जिल्ह्यात पेब्बेरला आपल्या राज्याचं मत्स्यविज्ञान कॉलेज आहे. प्रवेश ईएपीसेटमधून, आणि त्यासाठी इंटरला बायपीसी घ्यावं लागतं. म्हणजे हा निर्णय पंधराव्या वर्षीच होतो. पोरानं मित्राच्या नादानं दुसरा ग्रुप घेतला की दार बंद. मत्स्य अधिकारी म्हणून जो साहेब आपल्याकडे येतो, त्या खुर्चीची वाट इथून जाते.

दहावीनंतर समुद्राकडे जायचं असेल तर केंद्र सरकारची 'सिफनेट' संस्था आहे. कोचीला मुख्य, आणि चेन्नई-विशाखापट्टणमला शाखा. व्हेसल नॅव्हिगेटर आणि मरीन फिटर असे दोन वर्षांचे कोर्स. एक बोट चालवायला शिकवतो, दुसरा तिचं इंजिन सांभाळायला. आपल्या गोड्या पाण्यातलं पोरगं समुद्रावर गेलं तर बिघडलं कुठं?

हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ आहे, माशाच्या आकाराची ती इमारत अनेकांनी पाहिली असेल. पिंजऱ्यातली मत्स्यशेती, बीजनिर्मिती, प्रक्रिया अशा प्रशिक्षणाला हे मंडळ पैसा पुरवतं. शिकून आलेल्या पोराला २०२० साली आलेल्या मत्स्यसंपदा योजनेत स्वतःचं युनिट टाकायला ४० टक्के, आणि महिला, एससी, एसटी असेल तर ६० टक्के अनुदान आहे.

🔁 जे मधेच सुटले त्यांच्यासाठी

दहावीच राहिली असेल तर तेलंगणा ओपन स्कूल आहे, इंटरही त्यातून होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी मराठीतूनही देता येते. पुढे डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे. १९८२ साली हैदराबादला निघालेलं हे देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ. दिवसा धरणावर आणि रविवारी वर्गात, असं शिकून डिग्री घेता येते. लग्न होऊन आलेल्या सुनांनीही हे वाचावं. शिकायला वय आडवं येत नाही, घरचे आडवे येतात.

आणखी एक. बाप पाण्यात गेला की पोराचं शिक्षण त्याच दिवशी थांबतं, हे आपण पाहिलंय. मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू झाल्यास किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये मिळतात. कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्याला २५ हजारांपर्यंत. सभासदाला हप्ता भरावा लागत नाही, फक्त नाव नोंदलेलं पाहिजे. आपलं नाव आहे का, हे पोराच्या ॲडमिशनइतकंच महत्त्वाचं समजून तपासून घ्या.

🤝 आम्ही काय ठरवलंय

परवाच्या बैठकीत आम्ही दहावी, इंटर आणि पहिल्या वर्षाच्या पोरांची यादी करायला घेतली. ठराव साधा आहे. यादीतल्या प्रत्येक पोरामागे एक सभासद. तो पोराचा काका-मामा नसला तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा फोन करणारा पाहिजे. विचारायचं एवढंच: बस मिळते का, वर्गात समजतं का, अर्ज भरला का? अडलं असेल तर ऑफिसात सांगायचं. आपल्यातल्या जी पोरं-पोरी आज डिग्रीला, आयटीआयला आहेत, त्यांनी नव्या पोरांना पहिले दोन महिने हात द्यायचा. तुम्ही ज्या पाण्यातून गेलात ते कुठं खोल आहे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?

दर रविवारी सकाळी दहा ते एक ऑफिस उघडं राहील. कागदांची पिशवी घेऊन या. आईनं आलं तर आणखी चांगलं, कारण कुठला कागद कुठं ठेवलाय हे बापाला ठाऊक नसतं.

मागच्या रविवारी पहिला आला तो तोच पोरगा. बाप सोबत होता. आधारवरचं नाव दुरुस्त करून आणलं होतं. पॉलिटेक्निकला परत घेतात का ते विचारायचं, नाहीतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा अर्ज भरायचा, असं त्यानं ठरवलंय. जाताना बाप दारात थांबला आणि म्हणाला, "यंदा फोटो नका काढू भाऊ. फोन करा."

तेवढं आम्ही लिहून ठेवलंय. तुम्हीही ठेवा.

आपले,
सोसायटीचे कार्यकारी मंडळ